मोत्याचा डूल आणि पाहणाऱ्याची नजर

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या कितीतरी मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवले. त्यांतली फार थोडी पुढे चित्रकार झाली, पण नीट पाहायला सगळीच शिकली. सरांच्या नावाने बोलायचे तर कलेविषयी मोघम बोलू नये, एखादे चित्र समोर घेऊन त्याच्यापाशी बसावे, असे मला वाटले. म्हणून आज मी एकच चित्र घेतले आहे आणि प्रश्नही एकच घेतला आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी रंगवलेला एक चेहरा आजही माणसांना धरून का ठेवतो?

चित्र मागच्या पडद्यावर आहे. एक तरुण मुलगी. अंग एका बाजूला वळलेले आणि डाव्या खांद्यावरून मान फिरवून ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. डोक्याला निळे फडके घट्ट बांधलेले, त्यावरून एक पिवळा शेव मागे पाठीवर सुटलेला. अंगात मातकट पिवळा अंगरखा, त्यातून डोकावणारी पांढरी कॉलर. ओठ किंचित विलग, ओलसर. कानात एक मोठा मोती आणि मागे नुसता काळोख. हॉलंडच्या डेल्फ्ट शहरात योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने 1665 च्या सुमारास हे तैलचित्र रंगवले. आज ते हेग शहरातल्या माउरित्सहाउस या संग्रहालयात आहे. आकार जेमतेम 44.5 गुणिले 39 सेंटीमीटर. जग याला ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ म्हणून ओळखते. हे नाव व्हर्मीरने दिलेले नाही, ते फार नंतरचे आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हा चेहरा कुठे ना कुठे पाहिला असेल. कॅलेंडरवर, वहीच्या मुखपृष्ठावर, मोबाइलच्या पडद्यावर. 2012 साली माउरित्सहाउसची इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली तेव्हा हे चित्र जपानला गेले. टोकियोतल्या त्या प्रदर्शनाला साडेसात लाखांहून अधिक लोक आले. पण याच चित्राचा 1881 सालचा भाव ऐका. हेगमधल्या एका लिलावात ते विकले गेले दोन गिल्डरला, वर तीस सेंट दलाली. मळलेले, काळवंडलेले, चित्रकाराचे नाव कोणाला माहीत नाही, अशा अवस्थेत. दोन गिल्डर ते साडेसात लाख माणसे, या अंतराचा अर्थ लावणे हे आजच्या व्याख्यानाचे काम आहे.

आधी चित्रकाराविषयी थोडे. व्हर्मीरचा बाप्तिस्मा 1632 च्या ऑक्टोबरअखेरीस डेल्फ्टमध्ये झाला. वडील खानावळ चालवत आणि चित्रांचा व्यापारही करत. 1653 मध्ये त्याचे कॅथरिना बोल्नेसशी लग्न झाले आणि त्याच वर्षी तो शहरातल्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. त्याला पंधरा मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. भरल्या घरात, सासूच्या आधाराने राहणारा हा माणूस अत्यंत सावकाश काम करी. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रे सदतीसच्या आसपास आहेत. 1672 मध्ये फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, चित्रांचा बाजार बसला, आणि 1675 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कर्जात बुडालेला व्हर्मीर गेला. पावाच्या उधारीपोटी त्याच्या बायकोने बेकरीवाल्याकडे दोन चित्रे दिली. ती उधारी सहाशे गिल्डरांच्या वर गेली होती. दिवाळखोरीची व्यवस्था पाहायला शहराने ज्याला नेमले, तो अंतोनी व्हॅन लेवेनहूक. सूक्ष्मदर्शकातून जीवजंतू पाहणारा तोच शास्त्रज्ञ, त्याच गावचा, त्याच वर्षी जन्मलेला.

पुढची दोनशे वर्षे हॉलंडबाहेर व्हर्मीरचे नाव जवळजवळ पुसले गेले. त्याची चित्रे दुसऱ्यांच्या नावांवर विकली जात. थेओफिल थोरे या फ्रेंच समीक्षकाने ‘डेल्फ्टचे दृश्य’ हे त्याचे चित्र पाहिले, तो झपाटला, आणि पुढे वर्षानुवर्षे शोध घेऊन 1866 मध्ये त्याने व्हर्मीरवर सविस्तर लेख लिहिले. त्या लेखांनी युरोपचे डोळे उघडले. म्हणूनच 1881 च्या त्या लिलावात कळकट कॅनव्हासमागे काहीतरी मोलाचे आहे, असा संशय दोन जाणकारांना आला. एक व्हिक्टर द स्टुअर्स, दुसरा आर्नोल्डस देस तोम्ब. एकमेकांवर बोली चढवायची नाही असे दोघांनी ठरवले आणि देस तोम्बने चित्र घेतले. साफसफाई झाल्यावर व्हर्मीरची सही दिसली. 1902 मध्ये देस तोम्ब वारला आणि मृत्युपत्राने त्याने हे चित्र माउरित्सहाउसला देऊन टाकले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या चित्राच्या मोहिनीची तीन उत्तरे सर्रास दिली जातात. ती तपासून पाहू.

पहिले उत्तर प्रसिद्धीचे. ट्रेसी शेव्हलियेची कादंबरी 1999 मध्ये आली, 2003 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात ही मुलगी व्हर्मीरच्या घरातली मोलकरीण आहे. कादंबरी जगभर वाचली गेली आणि चित्राकडे माणसांची रीघ लागली, हे खरेच आहे. पण कादंबरी चित्रातून सुचली आहे. लेखिकेच्या भिंतीवर या चित्राचे पोस्टर वर्षानुवर्षे होते. चित्रात आधीच काहीतरी होते, ते तिला स्वस्थ बसू देईना, म्हणून कादंबरी झाली. प्रसिद्धी लोकांना दारापर्यंत आणते. दाराच्या आत गेल्यावर पाय का रेंगाळतात, ते प्रसिद्धी सांगू शकत नाही. 1881 साली तर कादंबरीही नव्हती आणि चित्राला धड रंगही उरला नव्हता, तरी दोन माणसे त्याच्यासमोर थबकलीच होती.

याची आणखी एक कसोटी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये व्हर्मीरचेच एका तरुण मुलीचे चित्र आहे. साधारण त्याच काळातले, जवळजवळ त्याच मापाचे. तीही खांद्यावरून वळून आपल्याकडे पाहते. तिच्याही कानात मोती आहे, तिच्याही मागे काळोख आहे. तोच चित्रकार, तीच मांडणी. ते सुंदर चित्र आहे, जाणकार त्याच्यापुढे आदराने उभे राहतात. पण त्याच्यासाठी रांगा लागत नाहीत. मग चित्रकाराचे मोठेपण, मांडणी, मोती, काळोख, यांतले एकटे काहीच पुरेसे नाही. फरक आणखी बारीक जागी आहे.

दुसरे उत्तर गूढाचे. ही मुलगी कोण? कोणी म्हणते व्हर्मीरची थोरली मुलगी मारिया, जी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असेल. कोणी म्हणते त्याच्या आश्रयदात्यांची मुलगी. कोणी कादंबरीतल्या मोलकरणीवरच विश्वास ठेवते. पण व्हर्मीरच्या काळातल्या माणसाने हा प्रश्न बहुधा विचारलाच नसता, कारण हे रूढ अर्थाने व्यक्तिचित्र नाही. त्या काळी हॉलंडमध्ये ‘ट्रोनी’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार होता. एखादा चेहरा, एखादा भाव, एखादा परदेशी पोशाख यांचा अभ्यास म्हणून अशी चित्रे रंगवली जात आणि खुल्या बाजारात विकली जात. रेम्ब्रांट आणि त्याचा मित्र लीव्हेन्स यांनी ती पुष्कळ केली. मॉडेल म्हणून कोणी ना कोणी बसे, पण चित्र त्या व्यक्तीचे नसे. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर 1676 मध्ये त्याच्या घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तीत तुर्की धर्तीच्या दोन ट्रोनींची नोंद आहे. या मुलीच्या डोक्याचे फडकेही त्याच धर्तीचे आहे. डेल्फ्टच्या रस्त्यावर तेव्हा कोणी मुलगी अशी फिरत नसे.

ऐपतदार डच माणूस चित्रकाराला पैसे देऊन स्वतःचे व्यक्तिचित्र काढून घेई, तेव्हा त्या चित्रावर घराण्याचे चिन्ह येई, वय आणि साल लिहिले जाई, पोशाखाची लेस धाग्याधाग्याने रंगवावी लागे. बसलेल्याचा चेहरा कसा दिसावा हे ठरवण्यात पैसे देणाऱ्याचा वाटा असे. माणूस आपल्या पणतवंडांसाठी चेहरा नीट करून बसे. इथे त्यातले काही नाही. ही मुलगी कोणाची लेक किंवा कोणाची वाग्दत्त वधू म्हणून समोर येत नाही. तिच्याजवळ हुद्दा नाही, घराणे नाही, खोलीतले एखादे टेबलसुद्धा नाही. व्हर्मीरच्या इतर अनेक चित्रांत खिडकी असते, भिंतीवर नकाशा असतो, हातात पत्र किंवा दुधाचे भांडे असते. त्या बायका आपापल्या कामात गढलेल्या असतात आणि आपण त्यांना नकळत पाहत असतो. इथे हातातले काम गेले, खिडकी गेली, खोली गेली. उरली फक्त तिची नजर, आणि ती आपल्यावर आहे.

मात्र नाव माहीत नसणे हेच या मोहिनीचे कारण, असे मी म्हणणार नाही. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ती स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी, हे आपल्याला नेमके माहीत आहे. कोणतेही गूढ उरलेले नाही. तरी लोक त्या चित्रासमोरून हलत नाहीत. नाव कळल्याने चित्र संपत असते तर ते चित्र केव्हाच संपले असते. तेव्हा गूढाचे उत्तरही अपुरे ठरते.

तिसरे उत्तर सौंदर्याचे. मुलगी सुंदर आहे म्हणून पाहावीशी वाटते. जगातल्या संग्रहालयांत सुंदर चेहऱ्यांची वाण नाही. त्यांतल्या बहुतेकांसमोरून आपण कौतुक करत पुढे जातो. इथे थांबतो. म्हणून सौंदर्य कोणत्या रीतीने रंगवले आहे, हे पाहावे लागते. आता आपण चित्राच्या अगदी जवळ जाऊ.

नाकापासून सुरुवात करू. आपल्याकडे वस्तुचित्राच्या पेपरात पहिल्यांदा बाह्यरेषा पक्की करायची सवय असते आणि विद्यार्थ्याला ती हवीच. पण या मुलीच्या नाकाची उजेडाकडची कड शोधून पाहा. सापडत नाही. नाकाचा दांडा आणि त्यापलीकडचा गाल एकाच उजळ त्वचेच्या रंगात मिसळून गेले आहेत. मध्ये रेषा नाही, सावलीचा बदलही नाही म्हटले तरी चालेल. तरीही आपल्याला पूर्ण नाक दिसते, कारण ते आपला डोळा पुरे करतो. समोरून प्रखर उजेड पडल्यावर खरोखरच अशा कडा विरतात, हे व्हर्मीरने पाहिले होते. जे दिसत नाही ते माहीत आहे म्हणून रंगवायचे, हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. तो त्याने आवरला.

आता ओठ. खालच्या ओठावर ओलाव्याचा एक पांढरट ठिपका आहे. आणि ओठांच्या कोपऱ्यात आणखी एक अगदी छोटा गुलाबी ठिपका आहे. 1994 मध्ये चित्राचे जुने पिवळे पडलेले वार्निश आणि आधीच्या डागडुजीचे रंग काढले गेले, तेव्हा तो ठिपका पुन्हा उजेडात आला. टाचणीच्या टोकाएवढी ही जागा. पण तिच्यामुळे तोंड नुकतेच उघडले आहे असे वाटते. हसण्यासाठी, बोलण्यासाठी की केवळ श्वासासाठी, याचा निकाल चित्रात नाही. घरी गेल्यावर या चित्राच्या छापील प्रतीवर बोटाने फक्त ओठ झाका. डोळे आपल्याला अचानक घाबरे वाटू लागतात. ओठ उघडे ठेवून डोळे झाका. आता मुलगी खुशीत वाटते. डोळ्यांचे आणि ओठांचे म्हणणे एकमेकांशी पूर्ण जुळत नाही आणि दोन्हींमधले अंतर भरायला आपले मन सतत धावत राहते.

मग मोती. संबंध चित्राला ज्याचे नाव पडले तो मोती मुळात रंगाच्या किती मोजक्या फटकाऱ्यांत आहे, पाहा. वर डावीकडे घट्ट पांढऱ्या रंगाचा एक जाड फटकारा, तो उजेडाचा. खाली पांढऱ्या कॉलरचे पातळ, धूसर प्रतिबिंब. बाकीचा मोती म्हणजे मानेच्या सावलीचाच रंग. त्याला पूर्ण गोल कड नाही. कानाच्या पाळीत अडकवणारी कडीही नाही. मोती हवेत लोंबतो आहे आणि आजवर कोणालाही ते खटकले नाही. इतका मोठा मोती खराच असेल का, काचेचा असेल की कथलाचा, यावर अभ्यासकांनी वाद घातला आहे. माझ्या मते महत्त्वाचे इतकेच की दोन डाग पाहून आपण अख्खा दागिना घडवतो.

या तिन्ही जागी एकच गोष्ट घडते. व्हर्मीर नेमका तिथे थांबतो, जिथून पाहणाऱ्याचा डोळा पुढचे काम उचलू शकेल. आधी थांबला असता तर चित्र कच्चे राहिले असते. पुढे गेला असता तर आपल्याला करण्यासारखे काही उरले नसते. मेट्रोपॉलिटनमधल्या मुलीचा चेहरा जास्त सांगून टाकतो. तिचे ओठ मिटलेले आहेत, तिचा भाव ठरलेला आहे. त्या चित्रात आपण पाहुणे असतो. या चित्रात आपल्याला कामाला लावले जाते. आणि ज्या गोष्टीत आपला हात लागला आहे तिची ओढ माणसाला अधिक असते, मग ते आपण स्वतः रांधलेले साधे पिठले का असेना.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण तो माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो. 2018 मध्ये माउरित्सहाउसमध्ये या चित्राची दोन आठवडे अहोरात्र तपासणी झाली. संग्रहालयातच काचेची खोली उभारून, लोकांच्या डोळ्यांदेखत. ॲबी व्हॅन्डिव्हियर यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या संस्थांचे शास्त्रज्ञ क्ष-किरण, सूक्ष्मदर्शक आणि अनेक स्कॅनर घेऊन बसले होते. 2020 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. त्यांनी आपल्या समजुतींना दोन धक्के दिले. या मुलीला पापण्यांचे केस नाहीत असे सर्वजण मानत आले होते. प्रत्यक्षात व्हर्मीरने दोन्ही डोळ्यांभोवती बारीक केस रंगवले होते, ते काळाच्या ओघात दिसेनासे झाले. दुसरे म्हणजे मागचा काळोख. तो काळोख नव्हताच. तिथे हिरवा पडदा होता, वरच्या उजव्या कोपऱ्यात घड्या पडलेला. गडद थरावर नीळ आणि वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा रंग यांचा पारदर्शक हात देऊन ती हिरवाई आणलेली होती. हे वनस्पतिजन्य रंग उडाले आणि पडदा काळ्यात विरला.

म्हणजे ज्या निखळ रितेपणावर आपण भाळतो, त्यातले काही व्हर्मीरचे नाही, काळाचे आहे. मुलगी 1665 मध्ये एका जागी उभी होती, पडद्यापुढे. आज ती कुठेच नाही, म्हणून कुठेही असू शकते. हे मान्य केले पाहिजे. पण त्याच तपासणीने दुसरी बाजूही दाखवली. व्हर्मीरने काम करता करता कानाची जागा बदलली, फडक्याचा वरचा भाग बदलला, मानेची मागची कड बदलली. आधी पार्श्वभूमी, मग चेहरा, मग अंगरखा, कॉलर, फडके, आणि मोती अखेरीस, असा मागून पुढे येण्याचा क्रम त्याने पाळला. पापण्यांचे केस गेले, पडदा गेला, पण नाकाची विरलेली कड, ओठांचा ठिपका आणि कडी नसलेला मोती हे त्याचेच निर्णय आहेत, कोणत्याही अपघाताने आलेले नाहीत. काळाने बाकीचे काढून घेतल्यावर हे निर्णय अधिकच एकटे आणि ठळक झाले. जुन्या कलाकृतींच्या बाबतीत हे नेहमीच घडते. चित्रकार आणि काळ दोघे मिळून त्या आपल्यापर्यंत पोहोचवतात, पण टिकते तेच, ज्याचा गाभा आधीच भक्कम असतो.

रंगांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण काय गाळायचे हे ठरवणाऱ्या माणसाने काय ओतले तेही पाहावे. फडक्याचा निळा हा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. तो दगड फोडून, दळून, धुऊन त्यातला शुद्ध निळा वेगळा काढावा लागे आणि त्या काळी तो अतिशय महागडा रंग होता. पुढे कर्जात बुडालेल्या या माणसाने तो इथे सढळ हाताने वापरला, फडक्याच्या सावलीतसुद्धा. ओठांचा तांबडा निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनिअल किड्यांपासून केलेला, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेला. मोत्यावरचा पांढरा इंग्लंडच्या खाणीतल्या शिशापासून केलेला. हे सारे डेल्फ्टच्या बाजारात मिळत होते, कारण डेल्फ्ट त्या वेळी जगाच्या व्यापाराला जोडलेले शहर होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक तिथे होती. त्याच कंपनीची वखार त्याच शतकात आपल्या वेंगुर्ल्याला चालत होती. एवढ्या दूरदूरच्या वस्तू एका हातभर कॅनव्हासवर आणून त्या माणसाने साम्राज्य, वैभव, व्यापार यांचे चित्र काढले नाही. मान वळवणारी एक मुलगी काढली.

अलीकडे मेंदूच्या शास्त्रानेही या चित्राकडे लक्ष दिले आहे. 2024 मध्ये संग्रहालयानेच एक प्रयोग करवून घेतला. मोजक्या माणसांच्या मेंदूतल्या विद्युत्-हालचाली आणि डोळ्यांच्या हालचाली चित्रासमोर नोंदवल्या गेल्या. असे आढळले की पाहणाऱ्याची नजर आधी तिच्या डोळ्याकडे जाते, तिथून ओठाकडे, ओठाकडून मोत्याकडे आणि मोत्याकडून पुन्हा डोळ्याकडे. एक फेरी पुरी झाली की दुसरी सुरू. मूळ चित्रासमोरचा प्रतिसाद छापील प्रतीपेक्षा पुष्कळ तीव्र होता, असेही दिसले. प्रयोग लहान होता आणि तो संग्रहालयाने स्वतः करवला होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण डोळा, ओठ आणि मोती हे ते तीन मुक्काम पाहा. तिथेच उजेडाचे ठिपके आहेत आणि ओठांजवळ, मोत्यापाशी तर आपल्याला काहीतरी पुरे करायचे आहे. काम अर्धे सोडलेल्या जागांकडे नजर परतपरत जाते, हे यंत्राशिवायही समजण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती वेळेची. ती मुलगी आता आपल्याकडे वळते आहे, की पाहून झाल्यावर परत फिरते आहे? चित्रकाराने नेमका तो मधला क्षण धरला आहे, ज्यात दोन्ही शक्यता जिवंत आहेत. प्रेमात पडलेल्याला वाटते ती वळली. ज्याचे कोणी गेले आहे त्याला वाटते ती निघाली. विशीत पाहिलेले चित्र साठीत वेगळे दिसते, कारण ज्या जागा आपण भरायच्या, त्या आपण दर खेपेला आपल्या त्या वेळच्या आयुष्याने भरतो. एका बाजूला चित्र स्थिर आहे आणि दुसऱ्या बाजूला आपण बदलत जातो. म्हणून ते शिळे होत नाही. दुसऱ्या माणसाचे वर्णन आपण एकदाच ऐकतो, पण दुसऱ्या माणसाच्या नजरेला आपण प्रत्येक वेळी नव्याने उत्तर देतो.

हे सगळे मी कशासाठी सांगितले? या चित्राचे मोठेपण पटवण्याची गरज नाही, ते जगाने मान्य केले आहे. मला काळजी पाहणाऱ्यांची वाटते. आज आपण दिवसभर चित्रे पाहतो आणि एकाही चित्रापाशी थांबत नाही. बोटाने वर सरकवलेली प्रतिमा आपल्याला काही करायला सांगत नाही, ती सगळे स्वतःच सांगून मोकळी होते. ज्या प्रतिमेत आपल्याला वाटा नाही ती लक्षातही राहत नाही. व्हर्मीरने पाहणाऱ्यावर विश्वास ठेवला. समोरचा माणूस नाकाची कड स्वतः शोधेल, मोत्याची कडी स्वतः बसवेल, ओठांतले वाक्य स्वतः पुरे करेल, असा त्याचा भरवसा होता. तो भरवसा सार्थ करायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची सवय शाळेत लागली पाहिजे.

म्हणून माझी शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. चित्रकलेचा तास गणिताला उसना देऊ नका. मुलांना चित्र काढायला शिकवता, तसे चित्र पाहायलाही शिकवा. वर्षातून एकदा मुलांना औंधच्या संग्रहालयात किंवा आपल्याला सोयीच्या कोणत्याही संग्रहालयात न्या, आणि वीस दालने धावत दाखवण्याऐवजी एका व्यक्तिचित्रासमोर अर्धा तास बसवा. चित्रकाराचे नाव नंतर सांगा. आधी विचारा: उजेड कुठून येतो आहे? कोणती कड दिसते आणि कोणती दिसत नाही? चित्रकाराने काय रंगवायचे टाळले आहे, आणि तुला ते कसे दिसले? या तीन प्रश्नांची उत्तरे जे मूल स्वतः शोधेल, त्याला पुढे कोणी सौंदर्यशास्त्र शिकवले नाही तरी चालेल.

प्रसिद्ध चित्रे प्रसिद्धीमुळे टिकतात असे समजणे सोयीचे आहे, कारण मग आपल्याकडे काही काम उरत नाही. या चित्राचा इतिहास त्याच्या उलट सांगतो. ते दोनशे वर्षे विस्मरणात राहिले, काळवंडले, त्याचे रंग उडाले, त्याचा पडदा नाहीसा झाला, ते दोन गिल्डरला विकले गेले. तरीही नीट पाहणारी दोन माणसे भेटताच ते पुन्हा उभे राहिले. उद्या ही सगळी प्रसिद्धी ओसरली, कादंबरी विसरली गेली, पोस्टरे फाटली, तरी त्या चित्राला लागेल ते एवढेच: समोर थांबून पाहणारा एक माणूस. तो माणूस तयार करणे हे चित्रकारांइतकेच चित्रकला शिकवणाऱ्यांचे काम आहे. ज्या सरांच्या नावाने आपण इथे जमलो, त्यांनी जन्मभर तेच काम केले, आणि ते आपण पुढे चालवले पाहिजे.